शिपायाचे नाव शोधा



धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी आपण पुष्कळ काही टाकले. देव्हाऱ्यातील टाक टाकले, गंडेदोरे टाकले, नवससायास टाकले, जोहाराची लाचारी टाकली. जे टाकले ते टाकण्याच्याच लायकीचे होते. परंतु साफसफाईच्या या उत्साहात घराच्या कोपऱ्यातील जुनी पत्र्याची पेटीही भंगारवाल्याच्या गाडीवर जाते, ही गोष्ट आम्हांस चिंतेची वाटते. अशा पेटीच्या तळाशी कधी पणजोबांचा पलटणीतून सुटल्याचा दाखला असतो, कधी पेन्शनीचे चोपडे असते, कधी एखादे काळे पडलेले पदक असते. त्या वस्तू कोणा देवाच्या नव्हेत. त्या आपल्याच रक्ताच्या एका मनुष्याच्या आहेत, आणि पुष्कळदा त्या मनुष्याच्या लेखी अस्तित्वाचा तेवढाच पुरावा जगात उरलेला असतो.

नाशिक जिल्ह्यातील प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाने आपल्या घराण्यातील शिपायाचा, तो असल्यास, कागदोपत्री शोध घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. देवळालीची छावणी ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यातील लोकांस पलटण म्हणजे काय हे सांगावयास नको. सिन्नर, निफाड, येवला, दिंडोरी, इगतपुरी, चांदवड, कोणत्याही तालुक्यातील बौद्ध वस्तीत जा. "आमचा आजा लढाईवर गेला होता" हे वाक्य ऐकू येते. पण कोणत्या लढाईवर? कोणत्या पलटणीत? त्याचा नंबर काय? तो परत आला की तिकडेच राहिला? येथे सांगणारा थांबतो. आजा गेला, त्याच्या मागोमाग आजी गेली, आणि तिच्याबरोबर सगळी हकीकत गेली.

शिपायाचाच शोध कशासाठी, असे आपण विचाराल. कारण उघड आहे. गावच्या जुन्या दप्तरात आपला पूर्वज येतो तो बहुधा वतनाचा एक हिस्सेदार म्हणून, वेठीचा धनी म्हणून. पलटणीच्या दप्तरात मात्र तो एक स्वतंत्र इसम म्हणून येतो. त्याचे नाव, बापाचे नाव, गाव, नोकरीची मुदत, जखम, पेन्शन, मृत्यू या गोष्टी तेथे त्याच्या स्वतःच्या म्हणून लिहिल्या जातात. ज्या समाजाला शतकानुशतके नावाने हाक मारली गेली नाही, त्या समाजातील मनुष्याचे नाव सरकारी कारकुनाला पगार देण्याकरिता का होईना, नीट लिहून घ्यावे लागले. ही नोंद कोणी उपकार म्हणून केलेली नाही; त्या मनुष्याने ती आपल्या चाकरीने मिळविलेली आहे.

कोरेगावच्या स्तंभाकडेच पाहा. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी जी लढाई झाली, तिच्यात कंपनीच्या बाजूने मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, पुण्याचे घोडेस्वार आणि मद्रासचे मूठभर गोलंदाज मिळून सुमारे आठशे लोक होते. स्तंभावर जी मृतांची नावे कोरली आहेत ती ४९ आहेत, आणि त्यांपैकी २२ नावांच्या अखेरीस 'नाक' हा प्रत्यय आहे. हा प्रत्यय त्या काळी महार शिपायाच्या नावास लागत असे. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभापाशी गेले आणि तेव्हापासून तो आपल्या समाजाच्या स्मृतीचा भाग झाला. परंतु आम्ही एक प्रश्न विचारतो. दरवर्षी लाखो लोक तेथे जातात. त्या २२ नावांपैकी एक तरी नाव किती जण वाचून येतात? स्तंभाला वंदन करणे सोपे आहे. नाव वाचणे, ते लिहून घेणे, त्याचे गाव कोणते असेल, त्याच्या मागे कोण राहिले असेल, याचा विचार करणे हे श्रमाचे काम आहे आणि तेच आपण टाळतो.

पुढे काय झाले हेही ध्यानात घ्या. ज्या मुंबई सैन्यात आपले लोक पिढ्यान् पिढ्या होते, त्याच सैन्याचे दार १८९२-९३ च्या सुमारास त्यांना बंद झाले. 'लढवय्या जाती' नावाचे एक शास्त्र साहेबलोकांनी काढले आणि त्या शास्त्रात आपण बसलो नाही. रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. म्हणजे दार बंद झाले ते बाबासाहेबांच्या अगदी शैशवात. ते बंद दार उघडावे म्हणून निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा सरकारकडे मागणी केली. या अर्जांचा आधार कोणता होता? आमच्या वाडवडिलांनी अमक्या लढाईत, तमक्या पलटणीत चाकरी केली, हाच. म्हणजे आपल्या चळवळीच्या पहिल्या मागण्यांपैकी एक मागणी जुन्या शिपायांच्या नोंदीवर उभी होती. महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनीही सैन्याचे दार बंद झाल्याने समाजाचे किती नुकसान झाले, हे लोकांस समजावून सांगितले. कारण पलटण म्हणजे केवळ पगार नव्हता, शाळा होती. रामजींसारखे सुभेदार लष्करी शाळेत शिकविणारे होते आणि त्या शिक्षणाचे फळ साऱ्या देशाने पाहिले.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा 'शास्त्र' गुंडाळून ठेवण्यात आले. १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपताच १९२१ पर्यंत ती मोडलीही गेली. दुसऱ्या महायुद्धात तोच खेळ पुन्हा होऊ नये म्हणून बाबासाहेबांनी सरकारशी झगडा मांडला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या टोपीवरील बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. पुढे रेजिमेंट मशीनगनची झाली, देश स्वतंत्र झाल्यावरही टिकली, आणि आज तिचे केंद्र मध्य प्रदेशातील सागर येथे आहे.

आता नोंदींची स्थिती पाहू. कंपनीच्या व नंतरच्या ब्रिटिश हिंदी सैन्यात गोऱ्या अधिकाऱ्याचा कागद व्यक्तीव्यक्तीनिशी जपला गेला. हिंदी शिपायाचा तसा जपला गेला नाही. त्याचे नाव सापडते ते पेन्शनीच्या यादीत, पदकांच्या यादीत, मृत व जखमींच्या यादीत. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगावी संगमरवरी पाट्या बसविल्या. त्यांवर एवढेच कोरले : या गावातून इतके लोक लढाईला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नुसते आकडे. महाराष्ट्रातील कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत ही पाटी आजही आहे. त्या आकड्यात महारवाड्यातील माणसे किती होती, ते पाटी सांगत नाही. ते सांगू शकले असते आपले आजे आणि आज्या.

हा अन्याय आता खुद्द त्या स्मारकांची देखभाल करणाऱ्यांनी मान्य केला आहे. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे नमूद केले की, पहिल्या महायुद्धात मेलेल्या किमान ४५,००० ते ५४,००० आशियाई व आफ्रिकी लोकांची स्मृती गोऱ्यांच्या बरोबरीने राखली गेली नाही. आणि त्यांशिवाय किमान १,१६,००० लोकांची तर नावानिशी स्मृतीच राखली गेली नाही, हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकेल. इराकमधील बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या शिपायांची मात्र पलटणवार संख्या. मरणाच्या वाटेवर सगळे बरोबर गेले, आणि दगडावर येताना पुन्हा पंक्तिभेद झाला! पंक्तिभेद म्हणजे काय हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

तरीही हताश होण्याचे कारण नाही. पंजाबात पहिल्या महायुद्धानंतर गावनिहाय शिपायांची रजिस्टरे तयार झाली होती. ती लाहोरच्या संग्रहालयात जवळजवळ शंभर वर्षे पडून होती. तिकडच्या आणि विलायतेतील पंजाबी लोकांनी ती उजेडात आणली आणि २०२१ साली सुमारे ३,२०,००० लोकांच्या नोंदींपैकी काही शोधता येतील अशा केल्या. आज विलायतेत राहणारा पंजाबी मुलगा आपल्या गावाचे नाव घालून पणजोबाला शोधतो. हे कोणी सरकारने आपण होऊन केलेले नाही. ज्यांचे पूर्वज होते त्यांनी पाठपुरावा केला म्हणून ते झाले.

याहून आपल्या जवळचे उदाहरण अमेरिकेचे आहे. बाबासाहेब १९१३ साली ज्या देशात शिकावयास गेले, आणि ज्या देशातील कृष्णवर्णीयांच्या लढ्याविषयी त्यांनी १९४६ साली डॉ. डुबॉय यांस पत्र लिहिले, तो हा देश. तेथे १८६१ ते १८६५ या काळात गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध झाले. १८६३ पासून कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र पलटणी उभ्या राहिल्या आणि सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय त्यांत दाखल झाले. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर. काळ्याला दहा, आणि त्यातूनही कपड्यांचे तीन कापून! कित्येक शिपायांनी असा अपुरा पगार घेण्यास नकार दिला. अखेर १८६४ साली कायदा करून पगार सारखा करावा लागला.

त्या शिपायांच्या नावांची कहाणी तर आपलीच वाटावी. गुलामाला आडनाव नव्हते. असलेच तर ते मालकाचे. भरती होताना कारकुनाने मालकाचे आडनाव लिहिले. स्वातंत्र्य मिळाल्यावर पुष्कळांनी ते नाव टाकले आणि आपल्या पसंतीचे नवे नाव घेतले. मग म्हातारपणी, किंवा मागे राहिलेल्या विधवेने, पेन्शन मागितली तेव्हा सरकारने विचारले : पलटणीच्या पटावरचा तो मनुष्य आणि हा मनुष्य एकच कशावरून? गुलामांच्या लग्नाला कागद नव्हता. तेव्हा विधवेला साक्षीदार आणावे लागले. बरोबरचे शिपाई आले, शेजारणी आल्या, सुईणी आल्या. कोणाचा जन्म कोणत्या मळ्यावर झाला, जुने नाव कोणते, नवे कोणते, लग्न कधी झाले, मुले किती, हे सारे त्यांनी शपथेवर सांगितले आणि कारकुनाने लिहून घेतले. आज त्याच साक्षींच्या फायली वाचून त्यांची पतवंडे आपला वंश शोधून काढतात. वॉशिंग्टनमध्ये १९९८ साली उभ्या राहिलेल्या स्मारकावर त्या पलटणींतील दोन लाखांहून अधिक नावे एकेक करून कोरली आहेत. बॉस्टनमध्ये एका कृष्णवर्णीय पलटणीचे स्मारक १८९७ साली उभे राहिले, तेव्हा पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे त्यावर कोरली गेली; पडलेल्या काळ्या शिपायांची नावे कोरली जाण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले. ऐंशीहून अधिक वर्षे दगड अपुरा राहिला, पण अखेरीस तो पुरा झाला. पुरा झाला तो कागद शिल्लक होता म्हणून.

आता आपल्यातील काही विचारी मंडळी जे आक्षेप घेतात त्यांचा विचार करू. पहिला आक्षेप असा : आम्ही जात सोडली, 'नाक' लावलेले नाव शोधणे म्हणजे पुन्हा जातीच्या उकिरड्यात हात घालणे नव्हे काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. पटावर जात लिहिली ती लिहिणाऱ्याने. शिपायाची जात हा त्याच्यावर मारलेला शिक्का होता. तो शिक्का आपण पुसला. परंतु शिक्का पुसताना ज्याच्या कपाळावर तो होता तो मनुष्यच पुसून टाकावा काय? अमेरिकेतील स्वतंत्र मनुष्याने मालकाचे नाव टाकले, पण आपल्या बापाला टाकले नाही. आपणही जात टाकावी आणि बाप ठेवावा. शिवाय व्यवहाराची बाजू आहे. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातींच्या सवलतींकरिता बौद्धांचा त्यात समावेश झाला. तो हक्क बजावताना मुलांपुढे जातपडताळणीचा प्रश्न येतो, आणि तेथे १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या कागदाला विशेष मोल असते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या घरात असा कागद कोठून यावा? अशा वेळी पणजोबांचा लष्करी दाखला आधारास येऊ शकतो. जी पेटी भंगारात गेली, तिच्यातच कदाचित नातीच्या प्रवेशाचा पुरावा होता.

दुसरा आक्षेप : ते शिपाई परक्या सरकारचे चाकर होते, त्यांचा अभिमान कसला? आमचे उत्तर असे की, येथे प्रथम प्रश्न अभिमानाचा नाही, ओळखीचा आहे. ज्या गावात विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, तेथून एक तरुण निघाला आणि पगार, पोशाख, अक्षरओळख आणि पेन्शन देणाऱ्या नोकरीत शिरला. त्याला पर्याय कोणते होते, हे पाहिल्यावाचून त्याचा न्याय करू नये. तो नोकरीवरून परतला तो गुडघे टेकण्याची सवय मोडून परतला. महाडच्या आणि नाशिकच्या सत्याग्रहाला जी शिस्त आली, ती कोठून आली याचा विचार करा. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरापुढे जो जनसमुदाय उभा राहिला, त्याच्या पुढाऱ्यांची नावे आपणांस पाठ आहेत. भाऊराव गायकवाड आपणां सर्वांचे दादासाहेब झाले. परंतु त्या समुदायातील सामान्य माणसांची नावे? सामान्य शिपायाचे जे झाले तेच सामान्य सत्याग्रहीचे होऊ लागले आहे. एकाचे नाव शोधण्याची सवय लागली तर दुसऱ्याचेही शोधले जाईल.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, इशारा आहे, आणि तो आम्ही आपल्याच लोकांस देतो. शोध घ्यावयाचा तर सत्याचा घ्यावा. प्रत्येकाचा पणजोबा कोरेगावात लढला नव्हता. त्या स्तंभावर इतर जातिधर्मांच्या शिपायांचीही नावे आहेत, आणि त्या दिवशी समोरच्या फौजेतही नाना जातींचे लोक होते. आपल्या पूर्वजाला जेथे तो नव्हता तेथे नेऊन उभा करणे हा त्याचा सन्मान नव्हे. तो जेथे खरोखर होता तेथून त्याला हाकलणे होय. कोणी खेचरे हाकली असतील, कोणी रस्ते खोदले असतील, कोणी दुसऱ्या महायुद्धात वायव्य सरहद्दीवर नुसता पहारा केला असेल, कोणी तापाने इस्पितळात मेला असेल. हे सारे तितकेच मोलाचे आहे. भगवान बुद्धांनी केसमुत्तीच्या कालामांना सांगितले की परंपरेने आले म्हणून, ऐकीव आहे म्हणून काही स्वीकारू नका, तपासून पाहा. घरातील दंतकथेलाही हाच नियम लावा. कागदाने ती खोटी ठरली तर खंत मानू नका. खऱ्या मनुष्याची ओळख पटली, हा लाभ लहान नाही.

शोध कसा घ्यावा, हे आता थोडक्यात सांगतो.

पहिल्याने घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसा. पुरुषांना पलटण आठवते, स्त्रियांना माणसे आठवतात. मनीऑर्डर कोठून येत असे, पेन्शन आणावयास कोठे जावे लागे, तार कधी आली, कोणाबरोबर भरती झाले, हे विचारा आणि तिच्याच शब्दांत लिहून घ्या.

नंतर पदक पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरे झिजतात. 'ब्रिटिश वॉर मेडल' हे पदक ब्राँझचे असेल तर तो मनुष्य बिगारी किंवा मजूर तुकडीत असण्याचा संभव मोठा. त्यांना चांदीचे मिळत नसे.

मग नावाची सर्व रूपे लिहून काढा. इंग्रजी कारकुनाने 'नाक' हा प्रत्यय निरनिराळ्या स्पेलिंगने लिहिला आहे. आडनाव नसेल तर बापाचे नाव हाच धागा. जिल्हा 'नाशिक' म्हणून न सापडल्यास 'नासिक' म्हणून पाहा. तालुका जुना धरा. देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके १९९९ साली झाले, तेव्हा तेथील गावे जुन्या तालुक्यांखाली सापडतील.

मनुष्य महायुद्धात मेला असेल तर युद्धकबर आयोगाची यादी पाहा. तीत पुष्कळ ठिकाणी बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. ही यादी कोणासही संगणकावर फुकट पाहता येते. १९४१ नंतर महार रेजिमेंटमध्ये असेल तर सागर येथील रेकॉर्ड ऑफिसला नंबर व नाव देऊन वारसाने पत्र लिहावे. नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वाट विचारावी. त्याहून जुना असेल तर मुंबईचे राज्य पुराभिलेखागार, दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे दप्तर, ही ठिकाणे आहेत. तेथे वेळ लागतो, चिकाटी लागते, आणि कधी रिकाम्या हाती परतावे लागते. शिकलेल्या तरुणांनी हे काम आपल्या वस्तीसाठी अंगावर घ्यावे.

शेवटची सूचना विहारांच्या चालकांना. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. तिच्यात प्रत्येक घराने आपल्या शिपायाचे नाव, बापाचे नाव, गाव, पलटण, नंबर, आणि ही माहिती कोणी सांगितली व कोणत्या कागदावरून घेतली, हे लिहावे. जे कागदावर आहे ते वेगळे आणि जे ऐकीव आहे ते वेगळे लिहावे. मूळ कागद घरीच राहू द्यावा, त्याची प्रत वहीला जोडावी. गावात आकड्याची पाटी असेल तर त्या आकड्यातील आपली नावे भरून काढावी. दहा गावांच्या वह्या झाल्या म्हणजे एका तालुक्याचे रजिस्टर होईल, आणि पंजाबला जे साधले ते नाशिकलाही साधेल.

हे काम पुढच्या पिढीवर ढकलण्याजोगे नाही. कागदाला वाळवी लागते आणि सांगणारी माणसे मरतात. ज्यांना त्या शिपायाचा चेहरा आठवतो अशी माणसे आज आपल्या वस्तीत थोडीच उरली आहेत. त्यांच्याकडे या पंधरवड्यातच जा.